चांगल्या गुणांवर फी कुठे माफ होते: सांगली-साताऱ्यातल्या मुलांसाठी

गेल्या जूनमध्ये गावातल्या वाचनालयात एक आबा आले. मागे त्यांचा मुलगा, हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. मुलाला सीईटीला ९६ पर्सेंटाइल. आबा बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, निम्मी फी माफ म्हणत्यात. आज संध्याकाळपर्यंत पंचवीस हजार भरलं तरच. टाकू का भरून?"

मी ते माहितीपत्रक घेतलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ताऱ्याची खूण करून लिहिलं होतं: सवलत फक्त पहिल्या वर्षाच्या शिक्षण शुल्कावर. आबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि मुलाकडे बघितलं. त्या दिवशी पंचवीस हजार वाचले.

पलूस तालुक्यातल्या आमच्या गावात दर उन्हाळ्यात मी बारावीच्या मुलांचे प्रवेशाचे अर्ज भरायला बसते. घरात पहिल्यांदाच कुणीतरी इंजिनिअरिंगला किंवा सायन्सच्या पदवीला चाललंय अशा घरांसाठी हे लिहिते आहे. तुमच्या मुलाला, मुलीला गुण चांगले आहेत. त्या गुणांवर फी कमी करून देणाऱ्या जागा खरोखरच आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या जिल्ह्यातच आहेत. फक्त त्या जाहिरात करत नाहीत. जाहिरात करणाऱ्या जागा वेगळ्या.

पहिलं काम: गुण नीट वाचा

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९५ गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी ९५ टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात चार लाख मुलं बसली असं धरा, तर ९५ पर्सेंटाइलच्या पुढे अजून वीस हजार मुलं उभी आहेत. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की ९५ आणि ९९ मधलं अंतर केवढं आहे ते कळतं.

तुमच्या हातात तीन वेगवेगळे आकडे असतील: बारावीची टक्केवारी, सीईटीचं पर्सेंटाइल आणि दिली असेल तर देशपातळीवरच्या जेईई मेनचं पर्सेंटाइल. वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही लिहा, कारण प्रत्येक आकडा वेगळं दार उघडतो. बारावीच्या गुणांवर केंद्राच्या दोन शिष्यवृत्त्या आहेत, सीईटीवर राज्यातल्या कॉलेजांची फी माफी आहे, जेईईवर एनआयटी (केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं) आणि बाहेरची विद्यापीठं. सीईटी बिघडली म्हणून बारावीचे ९२ टक्के बाजूला टाकून देणारी मुलं मी पाहिली आहेत. असं करू नका.

दुसरं काम: कागद एप्रिलमध्येच

हे थोडक्यात सांगते, पण सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला. जुलैत सेतूवर रांग लागते, सर्व्हर बंद पडतो आणि तहसीलदारांची सही अडकते. बारावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी अर्ज टाका. मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही तेव्हाच बघा. नुसतं केवायसी झालेलं असणं पुरेसं नाही, सरकारी अनुदान त्याच खात्यावर येण्यासाठी आधार जोडलेला हवा. बँकेत जाऊन तसं विचारा.

तिसरं काम: टीएफडब्ल्यूएस समजून घ्या

हे नाव लांबलचक आहे, पण चांगले गुण असलेल्या मुलासाठी आपल्या भागात यापेक्षा मोठी सोय मला माहीत नाही. ट्यूशन फी वेव्हर स्कीम. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेची योजना. कॉलेजच्या प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा जास्तीच्या ठेवल्या जातात. ६० जागांची शाखा असेल तर ३. या जागांवर प्रवेश मिळाला की पूर्ण अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ. अट एवढीच की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी हवं. जात-प्रवर्गाचं आरक्षण यात नाही; जागा निव्वळ गुणवत्तेने मिळते. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह हे मात्र भरावं लागतं. आणि एकदा ही जागा घेतली की मध्येच कॉलेज बदलता येत नाही.

आता ती मिळवायची कशी? सीईटी सेलच्या (राज्याचं प्रवेशाचं कार्यालय) कॅप नोंदणीच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, अर्जात टीएफडब्ल्यूएससाठी विचार व्हावा का, असा प्रश्न येतो. तिथे हो म्हणा आणि उत्पन्नाचा दाखला जोडा. मग पर्याय भरताना बघा: टीएफडब्ल्यूएसच्या जागेचा कोड वेगळा असतो, आकड्यांच्या शेवटी इंग्रजी टी असतो. समजा तुम्हाला राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर हवं आहे, तर आधी टी वाला कोड टाका, त्याच्या लगेच खाली त्याच शाखेचा साधा कोड. म्हणजे माफीची जागा मिळाली तर मिळाली, नाही तर त्याच शाखेची नेहमीची. मुलं साधा कोडच टाकतात आणि टी चा विसरतात, किंवा टी चा खाली टाकतात. खाली टाकला तर त्याचा काही उपयोग नाही, कारण वरचा पर्याय मिळाला की यादी तिथेच थांबते.

२०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तोच पक्का धरला जात होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणून पर्यायांची यादी "बघू काय मिळतंय" म्हणून भरायची नाही. पहिल्या ओळीत तेच लिहा जे मिळालं तर रात्री शांत झोप लागेल.

मागच्या वर्षीचे कटऑफ, म्हणजे शेवटची जागा कितीला गेली ते आकडे, सीईटी सेलच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. पाचशे-सातशे पानांची फाइल असते, घाबरू नका. कॉलेजचं नाव शोधा, शाखेखालचा तक्ता उघडा. प्रत्येक चौकटीत वरती गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल असतं. टीएफडब्ल्यूएसचा रकाना वेगळा असतो. बहुतेक वेळा या रकान्यातलं पर्सेंटाइल खुल्या रकान्यापेक्षा जास्त दिसेल, कारण तीन जागांसाठी सगळेच धावतात. तुमचं पर्सेंटाइल खुल्या रकान्याच्या काठावर असेल तर त्या कॉलेजात माफीची आशा धरू नका. तिथून एक पायरी खाली या. ज्या कॉलेजच्या खुल्या कटऑफपेक्षा तुम्ही बरेच वर आहात, तिथे टी ची जागा तुमच्या हाताला लागते.

अख्ख्या लेखात मला जे सांगायचंय ते हेच. तुमच्या गुणांची किंमत सगळीकडे सारखी नसते. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये कॉम्प्युटर म्हणजे ९९ पर्सेंटाइलच्या पुढचा मामला. तिथे ९७ वाल्याला कुणी विचारत नाही. तोच ९७ वाला दुसऱ्या चांगल्या कॉलेजात वरच्या तिघांत येतो आणि शिक्षण शुल्क न भरता चार वर्षं शिकतो. पण "दुसऱ्या चांगल्या" मधला चांगला हा शब्द विसरू नका. फी माफ आहे म्हणून प्रयोगशाळेला कुलूप असलेल्या कॉलेजात जाऊ नका. एकदा जाऊन बघा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा, मागच्या बॅचचे किती जण नोकरीला लागले, कुठे लागले. ऑफिसातला माणूस सांगेल ते वेगळं आणि मुलं सांगतील ते वेगळं.

चौथं काम: राजर्षी शाहू योजना आणि मुलींची माफी

टीएफडब्ल्यूएस नाही मिळालं तरी सगळं संपत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, ओबीसी यांच्या योजना वेगळ्या, पण त्याच पोर्टलवर.

मुलींच्या आईवडलांनी पुढची ओळ दोनदा वाचा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के लाभ मिळतो. मुलगी हुशार आहे पण "एवढा खर्च कुठं झेपतोय" म्हणून तिला गावाजवळच्या कुठल्या तरी कोर्सला टाकणाऱ्या घरांत मी हा निर्णय छापून नेला आहे.

या दोन्ही योजनांची एक अट कुणी मोठ्याने सांगत नाही. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतला तर लाभ नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर यातून वगळलेलीच आहेत. म्हणजे विद्यापीठाने स्वतःहून दिलेली ३० टक्के सवलत बघून तुम्ही कॅप सोडलात, तर सरकारची ५० किंवा १०० टक्के माफी हातची गेली. हा सौदा करण्याआधी वहीत दोन्हीकडचे आकडे समोरासमोर मांडा.

पाचवं काम: चार वर्षांचा हिशेब

आबांच्या मुलाचा हिशेब आम्ही वाचनालयातच मांडला. आकडे मी इथे सोपे करून, धरून चालल्यासारखे देते. तुम्ही तुमचे टाका.

एका बाजूला पुण्याकडचं खासगी विद्यापीठ. शिक्षण शुल्क २,८०,०००, इतर शुल्क ४०,०००, वसतिगृह आणि मेस १,३०,०००. पहिल्या वर्षी शिक्षण शुल्क निम्मं, म्हणजे खर्च ३,१०,०००. पुढची तीन वर्षं सवलत नाही, तर दरवर्षी ४,५०,०००. चार वर्षांचे १६,६०,०००. शिवाय फी दरवर्षी वाढली तर ते वेगळं.

दुसऱ्या बाजूला जिल्ह्यातलं कॅपमधलं खासगी कॉलेज. शिक्षण शुल्क १,२०,०००, इतर शुल्क २०,०००, खोली आणि डबा ७०,०००. टीएफडब्ल्यूएस मिळालं तर वर्षाला ९०,०००, चार वर्षांचे ३,६०,०००. ते नाही मिळालं आणि शाहू योजनेतून निम्मं मिळालं तर वर्षाला १,५०,०००, चार वर्षांचे ६,००,०००.

आबांनी पेन घेऊन १६,६०,००० खाली दोन रेघा मारल्या. "निम्मी माफ" या दोन शब्दांत दहा लाखांपेक्षा जास्त फरक लपला होता.

कॉलेजची मंजूर फी शोधायला फोन करायची गरज नाही. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवतं आणि संकेतस्थळावर कॉलेजवार टाकतं. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क तिथे वेगळं दिसतं. आणि हिशेबात तिसरा रकानाही ठेवा: शासकीय आणि अनुदानित. १९४७ पासून सांगलीत असलेलं वालचंद आणि १९६० पासून कराडला असलेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, इथे शिष्यवृत्तीची जाहिरात नसते, पण मुळातली फीच सहसा खासगीपेक्षा कमी असते. गुण तेवढे असतील तर या दोन ठिकाणी जागा मिळणं हीच शिष्यवृत्ती आहे असं माझं ठाम मत आहे.

सहावं काम: कॉलेजने स्वतः दिलेली शिष्यवृत्ती

आता जाहिरातवाल्यांकडे वळू. सगळेच फसवतात असं अजिबात नाही. काही विद्यापीठं नियम स्वच्छ लिहून ठेवतात. वेल्लोरच्या व्हीआयटीचं उदाहरण घ्या. त्यांच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या १० क्रमांकांना शिक्षण शुल्कात ७५ टक्के सूट, ११ ते ५० ला ५० टक्के, ५१ ते १०० ला २५ टक्के, आणि प्रत्येक बोर्डात पहिल्या आलेल्याला पूर्ण माफी. नियम सरळ आहे. पण क्रमांक बघा: देशभरातून पहिले शंभर. अशा शिष्यवृत्तीच्या भरवशावर घराचं गणित मांडता येत नाही. मिळाली तर आनंद.

आपल्या मुलांना जास्त भेटतात ते सीईटी किंवा जेईईच्या पर्सेंटाइलचे टप्पे लावणारे. इतक्या पर्सेंटाइलला इतके टक्के. अशी योजना दिसली की मी चार प्रश्न विचारते आणि उत्तरं ईमेलवर मागते, फोनवर नाही.

सवलत नेमकी कोणत्या शुल्कावर, फक्त शिक्षण शुल्कावर की एकूण रकमेवर? किती वर्षं? पुढच्या वर्षी चालू ठेवायला काय अट, किती सीजीपीए (दहापैकी सरासरी गुण), एक विषय राहिला तर काय, हजेरी किती? आणि सवलत फीमधून आधीच वजा होते की पूर्ण फी भरून नंतर परत मिळते?

तिसऱ्या प्रश्नामागे आमच्या घरातली गोष्ट आहे. माझ्या धाकट्या भावाला बारावीला ९१ टक्के पडले. एका खासगी संस्थेने गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणून पत्र दिलं, चाळीस टक्के सूट, चारही वर्षं. वडलांनी ते पत्र देवघराच्या फळीवर ठेवलं होतं. पत्रात "पात्रता टिकवल्यास" असे दोन शब्द होते. पात्रता म्हणजे काय, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. पहिल्या वर्षी त्याला ७.९ सीजीपीए मिळाला. इंग्रजीतून पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलासाठी तो चांगलाच होता. अट ८.५ ची निघाली. ऑगस्टमध्ये कॉलेजने पूर्ण फीची पावती हातात दिली. त्या वर्षीच्या बेदाण्याचे सगळे पैसे तिकडे गेले, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. भावाने शिक्षण पूर्ण केलं, आता नोकरीत आहे. पण त्या दोन महिन्यांत तो घरी जेवताना मान वर करत नव्हता, ते मी विसरलेले नाही. ते पत्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय आणि दर जूनमध्ये मुलांना दाखवते. ते दोन शब्द मी लाल पेनने अधोरेखित केले आहेत.

म्हणून सीजीपीएची अट दिसली की त्याच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: तुमच्या वर्गात ही शिष्यवृत्ती मिळालेल्या किती जणांची टिकली? हा आकडा माहितीपत्रकात कधीच नसतो. तो मुलांकडेच मिळतो.

"आजच भरा" म्हणणाऱ्यांबद्दल एवढंच. खरी गुणवत्ता शिष्यवृत्ती संध्याकाळी सहाला संपत नाही. तिला छापील मुदत असते. आणि भरलेच असतील तरी घाबरून तिथे अडकून राहू नका. एआयसीटीई आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) या दोघांचेही परताव्याचे नियम आहेत. मुदतीत प्रवेश रद्द केला तर किरकोळ रक्कम कापून फी परत द्यावी लागते आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

सातवं काम: बारावीच्या गुणांवर मिळणारे पैसे

इथे कॉलेज महत्त्वाचं नाही, गुण आणि कोर्स महत्त्वाचा.

विज्ञानाची खरी आवड असलेल्या मुलासाठी इन्स्पायर. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची शिष्यवृत्ती, वर्षाला ८०,०००. त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यात एखाद्या शास्त्रज्ञाकडे प्रकल्प केल्याबद्दल. पात्रता: बारावीला आपल्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात येणं आणि मूलभूत विज्ञानात बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सीला प्रवेश. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र असे ठरलेले विषय आहेत. संगणकशास्त्राची बीएस्सी त्यात बसत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने केवळ मैत्रिणी चालल्या म्हणून बीएस्सी कॉम्प्युटर घेतलं. तिचे गुण एक टक्क्यात होते, पण अर्ज करता आला नाही. तिला गणित मनापासून आवडत होतं. प्रवेशाच्या आधी कुणी सांगितलं असतं तर सांगलीच्या विलिंग्डनमध्ये किंवा साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गणित घेऊन, घरून एसटीने ये-जा करून, वर्षाला साठ हजार रुपये तिच्या खात्यावर आले असते. मूलभूत विज्ञानाला आपल्याकडे "इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही वाटतं" असं बघतात. हे मला मनापासून खटकतं.

गणितातच जीव असलेल्याने कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. तिथे शिक्षण शुल्क नाही, उलट प्रगती चांगली ठेवली तर महिन्याला विद्यावेतन मिळतं. परीक्षा अवघड आहे, नेहमीच्या क्लासच्या साच्यातली नाही. आयसर पुणे या केंद्राच्या विज्ञान संस्थेसाठीही वेगळी परीक्षा आहे, ती देशातल्या सगळ्या आयसरसाठी मिळून एकच असते.

दुसरी, केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. बोर्डात आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी १२,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. कला आणि वाणिज्यच्या मुलांनाही लागू, आणि हे त्यांना सहसा माहीतच नसतं. पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेत असाल तर ही मिळत नाही, म्हणून मोठी कोणती ते बघून एकच निवडा.

इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. खासगीत रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती आहे: पहिल्या वर्षाच्या ५,००० मुलांना पूर्ण पदवीसाठी मिळून २ लाखांपर्यंत. बारावीला ६० टक्के आणि उत्पन्न १५ लाखांच्या आत, पण निवडीसाठी ऑनलाइन अभियोग्यता चाचणी असते. ती चाचणी हलक्यात घेऊ नका. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीच्या प्रश्नांचा पंधरा दिवस तरी सराव करावा.

जेईईवर एनआयटी किंवा आयआयटी मिळत असेल तर फीचा आकडा बघून मागे फिरू नका. तिथे १ लाखापेक्षा कमी उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ, १ ते ५ लाखांच्या मध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना पूर्ण माफ. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी आहेत, हे लक्षात ठेवा.

वैद्यकीयचं वेगळं आहे. तिथे गुणांवर सवलत शोधत बसण्यापेक्षा शासकीय जागा गाठणं हाच मार्ग. मिरज आणि सातारा, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि हातात पैसाच नसेल, खोलीभाड्याचीही सोय नसेल, तर कमवा आणि शिका विसरू नका. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि मुलांनी काम करून शिकायचं हे तिच्या मुळाशीच आहे. रयतच्या कॉलेजांत आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ही योजना आजही चालते. माझ्या बॅचचा एक मुलगा तसाच शिकला, आज साताऱ्यात प्राध्यापक आहे.

प्रवेशानंतर

माफी मिळाली की लोक फाइल बांधून माळ्यावर टाकतात. महाडीबीटीवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आपोआप होत नाही. अर्ज भरला की तो कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथल्या क्लार्कने पुढे पाठवला नाही तर तिथेच बसून राहतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती उघडून बघायची. कॉलेजकडे अडकलेला दिसला की शिष्यवृत्ती विभागात अर्जाचा क्रमांक घेऊन जायचं. "सर, माझा अर्ज तुमच्या लॉगिनला आहे, आज पुढे जाईल का?" एवढं विचारायला लाजायचं नाही.

मागच्या दिवाळीत कडेगावची एक मुलगी रडत आली होती. अर्ज मंजूर, पण पैसे खात्यावर नाहीत. तासभर शोधल्यावर कळलं: लहानपणी शाळेत काढलेलं तिचं एक जुनं खातं होतं, आधार अजून त्यालाच जोडलेला होता, आणि ते खातं बंद पडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बँकेत गेली, आधार नव्या खात्याला जोडण्याचा फॉर्म भरून दिला, पोच घेतली आणि पोचेचा फोटो मला पाठवला. पैसे पुढच्या महिन्यात आले.